चौथ्या लेनवरचं पितळ

१

परेश सरांची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खटकते. माणूस समोर आला की ते त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, आधी पायांकडे बघतात. पायात बाहेरच्या देशातले बूट असले की "या, बसा". रबरी चप्पल असली की "काय पाहिजे?" आणि पाय उघडे असले तर माणूस आल्याचं त्यांना कळतच नाही. मी तीस वर्षं पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकली. घेणारा कोण आणि नुसता चिवडून जाणारा कोण, हे मीही लांबून ओळखायचे. पण डोळ्यांत बघून.

सर कर्नाळ्याच्या पायथ्याशी नेमबाजीचा क्लब चालवतात. आवारातच पत्र्याखाली माझी कँटीन आहे. माझी नात कोमल शाळा सुटली की मला हात द्यायला यायची. एकदा सहज पिस्तूल हातात घेतलं, आणि तिचा नेम बघून सर क्षणभर तिच्या चपलाही विसरले. आता ती एकोणीस वर्षांची आहे. राज्याच्या संघात या क्लबातून एकच मुलगी जाणार होती, आणि ती जागा कोमल आणि डॉक्टरबाईंची कीर्ती या दोघींपैकी एकीची होती. रविवारी शेवटची चाचणी होती.

शुक्रवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी घालत होते, तेवढ्यात सरांचा आवाज आला, "कोमल! इकडे ये आधी!"

झारा हातात तसाच घेऊन मी धावले.

टेबलावर काळी प्लास्टिकची पेटी उघडी पडली होती. घट्ट रबरी झाकणाची. आत रविवारसाठी राखून ठेवलेल्या पन्नास महागड्या गोळ्या असायच्या. पेटी रविवारीच उघडायची होती, पण सरांनी सहज दोनचार गोळ्या झाडून बघायच्या म्हणून आज उघडली. तिसरी गोळी पिस्तुलातच अडकली.

इथं एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गोळीच्या मागे दारूची नळी असते, ती पुंगळी. महाग गोळीची पुंगळी पितळेची. स्वस्त गोळीची लोखंडाची, वरून पिवळा मुलामा दिलेला. पोरं तिला 'स्टील केस' म्हणतात. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. नेम रोज धरावा लागतो, आणि रोज पितळ उडवायला आपण काही संस्थानिक नाही. म्हणून सराव स्वस्त गोळ्यांवर आणि पितळ स्पर्धेपुरतं. स्वस्त गोळी पन्नासात एकदोनदा अडकते, एवढंच तिचं वाईट.

सरांनी चुंबक त्या पेटीवर धरला. टक, टक, टक. एकेक गोळी चुंबकाला जाऊन चिकटली.

"सगळ्या स्टील केस," सर म्हणाले. "पितळेच्या पन्नास गेल्या कुठे? बुधवारपासून स्टोअरची किल्ली कोणाकडे आहे?"

कोमलचा चेहरा पांढरा पडला. "माझ्याकडे, सर."

सरांनी तिच्या रबरी चपलांकडे बघितलं आणि मान हलवली. निकाल लागला होता.

२

"सर, चोर चोरी करून किल्ली गळ्यात घालून फिरतो का?" मी विचारलं.

"आजी, तुम्हाला यातलं काही कळत नाही. हिला सरावाला कायम स्वस्त गोळ्या मिळतात. चांगल्या लपवून ठेवल्या, त्यांच्या जागी या भरल्या. मी आज पेटी उघडेन हे हिला माहीत नव्हतं. सिंपल."

"माझी झडती घ्या," कोमल म्हणाली. "घरी चला. कुठंही बघा."

"झडती पोलीस घेतील. गोळ्या म्हणजे काही लाडू नाहीत, त्याचा कायदा आहे. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत त्या टेबलावर आल्या नाहीत, तर मला तक्रार द्यावी लागेल. आणि तोपर्यंत हिनं पिस्तुलाला हात लावायचा नाही. रविवारी कीर्ती जाईल."

पोलीस तक्रार झाली की पुढं कोणी तिच्या हातात पिस्तूल देणार नाही, हे शाळा न शिकलेल्या मलाही कळत होतं. पोरीनं चार वर्षं नेम धरला तो एका दिवसात मातीत जाणार होता.

"आणि तुमचा तो दीर कुठाय?" सर म्हणाले. "स्टोअर सांभाळायचं सोडून ऐन वेळी गायब!"

"अनंता गायब नाय झालेला. तुमालाच सांगून गेला. उरणला, करंजाला. नारळी पौर्णिमा हाय. कोळ्यानं दर्याला नारळ द्यायचा नाय तर काय तुमाला द्यायचा?"

अनंता माझा धाकटा दीर. अर्धं आयुष्य होडीवर काढलं. बायको गेली तेव्हापासून माझ्याकडेच राहतो. क्लबाचं स्टोअर तोच झाडतो, पुसतो, गोळ्या काढून देतो. चप्पल त्यानं जन्मात घातली नाही. होडीवर पाय उघडेच लागतात, आणि ती सवय जमिनीवर येऊनही गेली नाही. बुधवारी पहाटे किल्ली कोमलच्या हातात देऊन तो गेला होता.

दुसरं एक सांगते, याच आठवड्यात माझं त्याच्याशी भांडणही झालं होतं. माझा रबरी झाकणाचा स्टीलचा डबा सोमवारपासून सापडत नव्हता आणि पापड कागदाच्या पुडीत सादळत पडले होते. "डब्याचं काय केलंस रे?" म्हटलं, तर हसून म्हणाला, "चांगल्या कामाला लावलाय, वयनी." मी चार शब्द सुनावले. डबा काही दिला नाही.

सरांच्या मनात आता तीन नावं होती. कोमल, अनंता, आणि झाडणारा गोरख. तिघांच्या मिळून पायात बुटांचा एक जोडही नव्हता.

मी झारा कंबरेला खोचला. म्हटलं, पोलिसांच्या आधी आपणच जरा विचारपूस करू. बाजारात बोंबलांची पाटी चोरीला गेली तर मीच शोधून काढायचे. गोळ्या तर बोंबलांपेक्षा जड. त्या उडून थोड्याच जातील?

पण त्या उडूनच गेल्या होत्या. हे मला गोरखनं दाखवलं.

३

गोरख कर्नाळ्याखालच्या वाडीतला. फार बोलत नाही. रोज गोळीबार संपला की तो लेनवर, म्हणजे नेम धरायच्या एकेका पट्ट्यावर, काठी फिरवतो. काठीच्या टोकाला जुन्या लाउडस्पीकरमधला चुंबक बांधलेला असतो. लोखंडी पुंगळ्या आपोआप चिकटतात, त्या निळ्या पिंपात जातात. चुकून कुठं पितळेची सापडली तर ती हातानं उचलून पत्र्याच्या डब्यात टाकायची. पितळ तळोज्याचा भंगारवाला वेगळं घेतो.

मी त्याच्यासमोर चहा ठेवला. त्यानं घेतला नाही.

"बाय, माज्यावर पन संशव हाय ना?"

"सरांचा हाय. माजा असता तर चहात साखर घातली नसती. पी."

तो हसला आणि प्यायला.

"गोरख, या आठवड्यात काय येगळं झालं का? काय पन सांग. हसन्यासारखं असलं तरी सांग."

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग गुडघा चोळत म्हणाला, "येगळं काय... मंगळवारी कंबर मोडली माजी."

"ती कशानं?"

"चौथ्या लेनवर काठी फिरवली तर काय उचलंच ना! वाटलं, चुंबक मेला. तिसऱ्या लेनवर नेला तर तिथं गपागप चिकटल्या. मंग चौथ्यावर बसून सगल्या हातानं येचल्या. कवा नाय ते पितळ पडलं व्हतं."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

"तो पत्र्याचा डबा कधी रिकामा केलास?"

"रविवारी. भंगारवाला येऊन गेला."

"मंग आन इकडं."

डबा टेबलावर उपडा केला. आठवडाभरात क्लबात कोणी पितळेची एक गोळीही झाडलेली नव्हती, तरी डब्यातून पिवळा ढीग पडला. मी एकेक पुंगळी चुंबकाला लावली. एकही चिकटली नाही. मोजल्या. पन्नास.

म्हणजे हरवलेल्या गोळ्या कोणी घरी नेल्याच नव्हत्या. त्या इथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाडल्या गेल्या होत्या. मंगळवारी.

"मंगळवारी चौथ्या लेनवर कोन व्हतं रे?"

गोरखनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "डाक्टरीनबायची पोर. कीर्ती."

४

कीर्ती शनिवारी सकाळी आली. पायात पांढरे शुभ्र बूट, पण डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. मी तिला कँटीनच्या मागच्या बाकावर बसवलं आणि पोह्यांची बशी पुढं केली.

"भूक नाहीये, आजी."

"भूक नसली की मानूस एक तर आजारी असतो, नायतर काय तरी गिळून बसलेला असतो. तू काय गिळलंस?"

तिनं बशी मांडीवर ओढून घेतली.

"मंगळवारी तुजा सराव चांगला झाला म्हनतात."

"चारशे चौऱ्याऐंशी आले. पाचशेपैकी." तिनं बशीकडे बघत सांगितलं. "आत्तापर्यंतचे माझे बेस्ट."

"आनी एरवी?"

"चारशे साठ. पासष्ट."

"पिस्तूल किती वेळा अडकलं गं त्या दिवशी?"

पोह्यातलं डाळिंब बोटानं इकडून तिकडं करत ती म्हणाली, "एकदाही नाही."

"स्वस्त गोळ्या, पन्नास झाडल्या, आनी एकदा पन नाय अडकलं?"

एवढं म्हटलं आणि पोरीचा बांध फुटला. "मी चोरी नाही केली, आजी! आईशप्पथ! मला वाटलं आज नशीब चांगलं आहे. हाताला धक्काही कमी बसत होता. पण काल सर ओरडले ना, पितळेच्या पन्नास गेल्या, तेव्हा मला कळलं की मी काय झाडलं. आणि मग बोलायची भीती वाटली. माझा स्कोअर खोटा ठरला असता. आईनं सगळ्या सोसायटीत पेढे वाटलेत."

"आनी तिकडं कोमल चोर ठरली तर चालतंय?"

तिनं मान खाली घातली.

थोड्या वेळानं तिनंच नाक पुसलं. "मी सांगते सरांना. आत्ता सांगते."

"थांब. अर्धं सांगून कामाचं नाय. नुसतं एवढं सांगितलंस तर सर म्हनतील, दोघींनी मिळून केलं. त्या गोळ्या तुला कोनी दिल्या?"

"नेहमीसारख्याच मिळाल्या. स्वस्त गोळ्यांच्या कागदी खोक्यातून. स्टोअरच्या खिडकीतून." तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "अनंता काकांनी दिल्या."

नातीवरचा आळ पुसायला निघाले होते, आणि आता तोच आळ माझ्या दिराच्या डोक्यावर येऊन बसत होता.

५

दुपारी रिक्षा करून कोळीवाड्यात घरी आले. कोमल भिंतीला टेकून बसली होती. समोर हात लांब करून, नसलेलं पिस्तूल धरून, नेम धरत होती. हात जरासुद्धा हलत नव्हता. गाल मात्र ओले होते.

"आजी, अनंता आजोबांनी केलं असेल का गं?"

"अनंतानं? ज्यानं सापडलेली सोन्याची नथ सात घरं फिरून ज्याची त्याला दिली?"

"मग चांगल्या गोळ्या स्वस्ताच्या खोक्यात कशा गेल्या? कोणीतरी हातानं ठेवल्याशिवाय?"

पोरगी बरोबर बोलत होती. कोणीतरी हातानं ठेवल्या होत्या. चोरानं ठेवल्या असत्या तर त्यानं त्या क्लबच्याच खिडकीतून वाटू दिल्या असत्या का? चोर घरी नेतो. शत्रुत्वानं केलं म्हणावं, तर कीर्तीला कोणत्या गोळ्या मिळतील हे आधी कोणाला ठाऊक होतं? चोरी नाही, डाव नाही. मग पन्नास गोळ्या इकडून तिकडं आणि पन्नास तिकडून इकडं करायचा उद्योग कोण करेल, आणि कशासाठी?

"अनंताला फोन लाव," मी म्हटलं.

कोमलनं लावला. घंटी वाजली. पण ती उरणला वाजली नाही, आमच्याच स्वयंपाकघरात वाजली. बारीक, दबलेली, डब्यात कोंडल्यासारखी.

वरच्या फळीवर, जाळ्यांच्या गुंडाळीमागे, माझा रबरी झाकणाचा डबा! झाकण उघडलं. आत अनंताचा बटणांचा फोन, कारण दर्यावर फोन भिजतो. फोनखाली मुठीमुठीनं लोखंडी गळ आणि जाळं शिवायच्या सुया. सगळं कोरडं, चकचकीत, गंजाचा ठिपका नाही.

आणि डब्याशेजारी, उघड्या फळीवर, आमच्या जुन्या होडीची पितळी घंटा. तिच्यावर ना झाकण ना फडकं. श्रावणाची ओल खाऊन जराशी हिरवी झालेली, पण ठणठणीत.

मी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा घंटेकडे. मग डबा मांडीवर घेऊन भुईवरच बसले.

"काय झालं, आजी? बरं वाटत नाहीये का?"

"मी ठीक हाय," मी म्हटलं. "चहा टाक. आनी करंजाला अनंता उतरलाय त्या मालूच्या शेजाऱ्यांकडं फोन लाव. अनंताला म्हनावं, पाचच्या आत क्लबात ये. कशाला ते सांगू नको. एक अक्षर पन सांगू नको."

६

पाच वाजता टेबलाभोवती सगळे उभे होते. परेश सर घड्याळ बघत होते. कीर्ती, गोरख, कोमल. मी पुंगळ्यांचा डबा मधोमध ठेवला.

"ह्या घ्या तुमच्या पन्नास. झाडलेल्या हायत, पन पन्नास हायत."

सरांनी एक उचलली, चुंबकाला लावली, मागचा छाप बघितला. "या कुठे मिळाल्या?"

"गोरखकडं. मंगळवारी चौथ्या लेनवर येचल्या त्यानं. त्याला विचारलं असतंत तर तुमालाही सांगितलं असतं."

मग कीर्ती पुढं आली. घसा खाकरून तिनं सगळं सांगितलं. मंगळवारचा स्कोअर, न अडकलेलं पिस्तूल, शुक्रवारपासूनची भीती. "माझा तो स्कोअर काढून टाका, सर," ती म्हणाली. कोमल तिच्याकडे बघतच राहिली.

"आता हिशोब सोपा हाय," मी म्हटलं. "सर, कोमलला किल्ली कवा मिळाली?"

"बुधवारी."

"आनी पितळ कवा उडलं?"

सर थांबले. "मंगळवारी."

"मंग बुधवारी किल्ली मिळालेल्या पोरीनं मंगळवारी कपाट उघडलं कसं? नजरेनं?"

सरांनी ओठ चावला. "ठीक आहे. कोमल नाही. पण मग ज्याच्याकडे मंगळवारी किल्ली होती..."

तेवढ्यात फाटकातून अनंता आला. लुंगी गुडघ्यापर्यंत, उघडे पाय चिखलानं माखलेले, हातात दर्याच्या पूजेच्या प्रसादाची पिशवी. सगळे आपल्याकडे बघतायत हे बघून तो जागीच थांबला.

"काय झालं, वयनी? कोन गेलं का?"

"कोन नाय गेलं. अनंता, सोमवारी कपाटातल्या गोळ्यांना काय केलंस?"

मी मुद्दामच त्याला आधी काही कळू दिलं नव्हतं. खरं बोलणाऱ्या माणसाला तयारी लागत नाही.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "दिसलं का तुमाला? मी म्हनलंच, कोनच्या तरी नजरंत येईल! सर, ओल किती आलीय भिंतीला! त्या कागदी खोक्यातल्या गोळ्यांना गंजाचं ठिपकं यायला लागलं व्हतं. चुंबक लावला, तर लोखंड! आनी त्या घट्ट झाकनाच्या पेटीत काय, तर पितळ! पितळाला पेटी आनी लोखंडाला कागद, असं कोन करतं? होडीवर असं केलं तर बाप मारायचा. मंग केली अदलाबदल. लोखंड पेटीत, पितळ खोक्यात. पितळ दहा वर्सं उघडं राहिलं तरी त्याला काय व्हत नाय."

गोरख मान डोलवत होता. त्याला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

"अरे पण पेटीवर लिहिलेलं असतं ना, मॅच ग्रेड, म्हणजे स्पर्धेसाठी म्हणून!" सर ओरडले.

"लिवलेलं असंल. मला वाचता येत नाय, सर. गंज तेवढा दिसतो."

"मग हे मला सांगायचं नाही? एवढा गोंधळ झाला!"

अनंता गोंधळून माझ्याकडे, मग सरांकडे बघायला लागला. "सांगितलं व्हतं की, सर. मंगळवारी सकाळी. तुमी हितंच उभं व्हता. म्हनलं, सर, गोळ्यांची जागा बदललीय, जरा बघून घ्या. तुमी माज्या पायांकडं बघितलं, म्हनलात, 'बरं बरं, पाय पुसून जा आत.' मी पाय पुसलं."

सरांचे कान लाल झाले. त्यांना आठवलं होतं. ते मी त्यांच्या डोळ्यांत बघून ओळखलं.

७

रविवारी पितळेची एकही गोळी शिल्लक नव्हती. म्हणून मी म्हटलं, दोघींनी त्याच स्टील केसवर नेम धरावा, एकाच खोक्यातून, शेजारी शेजारी. सरांनी मान्य केलं. कीर्तीच्या आईला ते फारसं आवडलं नाही, पण कीर्तीनंच तिला गप्प केलं.

कोमलचं पिस्तूल दोनदा अडकलं. दोनदा तिनं नळी खाली लक्ष्याच्या दिशेनं ठेवून, घाई न करता, अडकलेली पुंगळी काढली, श्वास घेतला आणि पुन्हा हात उचलला. चार वर्षं तिनं हेच केलं होतं. स्वस्त गोळीनं तिला नेमाबरोबर धीरही शिकवला होता. कीर्तीचं एकदाच अडकलं, पण तेवढ्यानं तिचे पुढचे तीन नेम बिघडले.

कोमल दोन गुणांनी पुढं राहिली.

"पुढच्या वर्षी बघते तुला," कीर्ती म्हणाली.

"आत्ता बघ की, समोरच आहे," कोमल म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत सुटल्या. पांढरे बूट आणि रबरी चपला एकाच चिखलात.

नंतर परेश सर कँटीनमध्ये आले. बाकावर बसले. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते. मग पुटपुटले, "आजी, चुकलं माझं. कोमलची माफी मागितली मी. तुमचीही मागतो. अजून काय करू सांगा."

मी चहाचा ग्लास भरला, पण त्यांच्या हातात दिला नाही. कँटीनमध्ये कोमल होती, कीर्ती होती, अनंता आणि गोरख भाकरी खात होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोलले.

"विचारलंत ना, मंग माजा निकाल ऐका, सर. इथं चोर कोन नव्हता. अनंतानं भलं करायला जाऊन घोळ घातला, त्याला मी घरी बघून घेते, त्यानं माजा डबा पन घेतलाय. कीर्ती एक दिस गप्प बसली, पन स्वताच्या तोंडानं बोलली, तिचं फिटलं. उरलात तुमी. उद्यापासून महिनाभर गोरखच्या मागून तुमी चुंबकाची काठी फिरवायची, आनी पितळ हातानं येचायचं. मानसाच्या पायांकडं बघायची तुमाला लय हौस, मंग आनखी चार बोटं पलीकडं बघा, खरं तिथंच पडलेलं असतं. आनी उघड्या पायांचा मानूस काय सांगायला आला, तर त्याचं बोलनं संपंस्तोवर त्याच्या तोंडाकडं बघायचं. आता माज्याकडं बघा. पायांकडं नाय, सर. वर. अजून वर. हां, असं. आता घ्या चहा."